जीपचे सांधे उघडताना

१४ सप्टेंबर, रविवार

लिंबाच्या लोणच्याच्या बरणीविरुद्ध तक्रार. सदर बरणी माधवीने पुण्याहून पाठवली. झाकण तिने स्वतःच्या हाताने लावलेलं. लावणारी बायको पुण्यात आणि खाणारा नवरा गुरुग्रामला, हे पक्कं ठाऊक असताना झाकण इतकं आवळण्यामागे हेतू काय, याची चौकशी व्हावी. गरम पाणी झालं. फडकं झालं. दाराच्या फटीत धरून झालं, दाराचा रंग गेला. बरणी उघडणं हे मुळात दोन माणसांचं काम आहे. एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, उघडलं की दोघांनी श्रेयावरून भांडायचं. मी धरू की फिरवू?

शेवटी खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या खांबांखालच्या पार्किंगमध्ये गेलो. मा.च्या जीपमध्ये तिची हत्यारांची पेटी आहे. (मा. म्हणजे माधवी. 'माननीय' असं वाचलं तरी ती हरकत घेणार नाही.) पेटीत ऑइल फिल्टर काढायचा पट्ट्याचा पाना सापडला. एका झटक्यात झाकण आलं. ब्रेडबरोबर लोणचं खाल्लं.

खाली गेलोच होतो म्हणून जीप सुरू केली. बॅटरी जिवंत. जरा पुढे, जरा मागे. पुढच्या चाकांपाशी खालून आवाज. मा.ला फोन.

"टक् की कट्?"

"टक्."

"ब्रेक दाबताना की सोडताना?"

"दोन्ही वेळा."

"मग सांधे गेले. उघडावे लागतील." थोडं थांबून, "लोणचं कसं झालंय?"

म्हटलं, उघडलं.

१६ सप्टेंबर

वर्तमानपत्राच्या संपादकांचा फोन. दिल्लीतलं ऑफिस बंद होणार. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक कूलर आणि मी. दिवाळीनंतर "तुम्ही कुठूनही लिहा, श्रीपादराव."

"दिल्लीहूनसुद्धा?"

"दिल्लीहूनसुद्धा. फक्त खोल्यांचं भाडं आम्ही भरणार नाही."

म्हणजे मला आता दिल्लीत राहायला काही कारण नाही. मा.ची पुण्याला बदली झाली तेव्हा ठरलं होतं, वर्षभराचा प्रश्न आहे. त्याला आता तीन वर्षं झाली. मध्ये दोघांपैकी कोणीही विषय काढला नाही. भांडण नाही, काही नाही. भूजल खात्यात तिचं काम वाढलं, माझं इथलं चालूच राहिलं, आणि संध्याकाळचा फोन रोजवरून एक दिवसाआड कधी झाला ते…

मा.ला ऑफिसचं सांगितलं नाही. सांगीन.

१७ सप्टेंबर

मा.चा फोन. पहिलाच प्रश्न, "जीप कधी येतेय?"

इथल्या नियमाप्रमाणे जीपची वर्षं भरत आली. मग ती इथे रस्त्यावर चालत नाही. दिल्लीत म्हातारपण गाड्यांनाच येतं, पुढाऱ्यांना नाही. तेव्हा त्याआधी ती पुण्याला न्यायची. मा.ला ती सह्याद्रीत दगडधोंड्यांतून चालवायची आहे. जीप तिचीच. इथे असताना दर रविवारी अरवलीत जीपवाल्यांच्या ग्रुपबरोबर जायची. मी शेजारी, दांडीला धरून, डोळे मिटून. ग्रुपला वाटायचं की मी संस्कृतवाला म्हणून मंत्र म्हणतोय. म्हणतच होतो.

"जीप कधी येतेय" हे ती तिसऱ्यांदा विचारतेय. तू कधी येतोयस, असं अजून तरी नाही.

ऑफिसचं आजही सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर

मा.कडून सांध्याचा पाठ. मी वही घेऊन बसलो, पाठशाळेत बसायचो तसा. लोखंडी कड्यात एक पोलादी गोळा. गोळ्याच्या दोन बाजूंना प्लास्टिकच्या दोन वाट्या. वरून एक गोल स्प्रिंगचं लॉक, ते सगळ्याला आत दाबून धरतं. "आपल्या खांद्यासारखं समज." पुढच्या आसाला गाडीशी जोडणाऱ्या चार दांड्या, म्हणजे आर्म, प्रत्येकात असा एक सांधा. वाट्या झिजल्या की गोळा आत खेळतो, मग टक्. वाट्या बदलल्या की सांधा पुन्हा नवा. गोळा, कडं, लॉक, सगळं तेच राहतं.

अडचण एवढीच की वाट्या दाबल्याशिवाय लॉक निघत नाही. आणि दाबायला हत्यार लागतं. कुठलं, ते आपण ठरवायचं.

गॅरेजवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, पूरा आर्म बदलवा लो. दोन दिवसांचं काम. मी नको म्हटलं. मा.ला कारण दिलं की ते हातोडीने ठोकतात. खरं कारण इथे लिहितो. गॅरेजला दिलं तर एक फोन होईल. मी केलं तर प्रत्येक नटाला एक.

२० सप्टेंबर, शनिवार

मेट्रोने काश्मिरी गेट. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, बसायला जागा मिळाली. समोरची मुलगी फोनवर आईशी मराठीत भांडत होती, "अगं खाल्लं मी, बिल्कुल खाल्लं!" कान तिकडे. राजीव चौकला उतरली. वाईट वाटलं.

गल्लीभर सुटे भाग. टायरांच्या माळा, हॉर्नचे घोस. हत्यारांच्या दुकानात शेठने लाल पेटी उघडली. मोठा इंग्रजी सी, त्याला स्क्रू.

"सर, ये यूनिवर्सल है."

"मतलब?"

"मतलब सब में लगता है."

मी फोनवर आमच्या सांध्याचा फोटो दाखवला. शेठने चष्मा वर केला, खाली केला.

"इसमें नहीं लगेगा."

सर्वव्यापी असूनही नेमका माझ्याच वाट्याला न येणारा असा हा पदार्थ. शेठला वाईट वाटू नये म्हणून लॉक काढायची पक्कड घेतली. चांगली, जर्मन दिसणारी, लुधियानाची.

संध्याकाळी मा.ला व्हिडिओवर दाखवली.

"दाब."

दाबली.

"उघडली ना टोकं? बाहेरच्या लॉकची आणलीस. आपलं लॉक आतलं आहे. दाबल्यावर टोकं जवळ यायला हवीत."

"शेठने दिली."

"शेठला तू सांगितलंस का, आतलं की बाहेरचं?"

माझ्या जवळचं माणूस नेमका प्रश्न विचारतं, हे माझं जुनं दुखणं आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

हत्यारांचा खल. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं रीतसर. प्रतिपक्षी चड्ढाजी. ते पहिल्या मजल्यावर राहतात, वीज महामंडळातून निवृत्त. दोन्ही मुलगे कॅनडात. वर टीव्ही बायकोच्या ताब्यात असल्याने स्टिल्टमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या ज्ञानसाधनेवर लक्ष ठेवतात.

पहिला पक्ष, सी-क्लँप, म्हणजे कालचा यूनिवर्सल. तो एकाच बाजूने रेटतो. आर्म हातात तिरका झाला की वाटी तिरकी बसणार, आणि तिरकी बसलेली वाटी महिनाभरात खलास. खंडन झालं.

दुसरा, हायड्रॉलिक प्रेस. चड्ढाजींच्या साडूकडे फरिदाबादला आहे. "मराठे साब, बारह टन! मक्खन की तरह." अडचण हीच. मला प्लास्टिकची वाटी बसवायची आहे, लोणी करायचं नाही. बारा टनांना वाटी फुटल्याचं कळत नाही. फुटल्यावर कळतं.

तिसरा, स्क्रूचा दाब. एक जाड बोल्ट गोळ्याच्या भोकातून आरपार, दोन बाजूंना दोन चकत्या, पान्याने हळूहळू आवळायचं. दोन्हीकडून सरळ रेषेत दाब. हळू चालतो, हात दुखतो. मा. म्हणाली, "हाच घे. कुठे थांबायचं ते हाताला कळतं यात." ऑनलाइन मागवला. बरोबर आतल्या लॉकची पक्कड आणि नव्या वाट्या.

चौथा पक्ष चड्ढाजींचा स्वतःचा. "हथौड़ा मारो यार." हा अनुभवसिद्ध आहे म्हणतात. त्यांच्या गाडीचं काय झालं, विचारलं. "बेच दी."

२४ सप्टेंबर

पार्सल आलं. मा.च्या सूचनेप्रमाणे जीप लोखंडी घोड्यांवर चढवली, आस पट्ट्यांनी जखडून बांधला, मगच आर्म काढायला घेतले. पहिल्याच बोल्टला अर्धा तास. चड्ढाजींनी विजेरी धरली. ती माझ्या तोंडावर.

पहिला सांधा उघडला. बोल्ट आवळत गेलो, वरची वाटी केसभर खाली गेली, पकडीने लॉकची दोन टोकं जवळ आणली, आणि ते आपणहून बाहेर आलं. अगदी सहज. मघापासून घट्ट धरून बसलेली गोष्ट इतकी हलकी निघते तेव्हा जरा खट्टू व्हायला होतं.

वाट्या एका बाजूने पार झिजलेल्या. मा.ला फोटो. उत्तर: 👍. मी मोठा मजकूर लिहिला होता, तो पाठवला नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

चारही सांधे उघडले. गोळे रॉकेलने धुतले. लिहून ठेवण्यासारखं म्हणजे, हात बरोबर थांबू लागला आहे. कालपर्यंत पाना फिरवताना मा.ला विचारायचो, "अजून?" आज विचारायची गरज पडली नाही. तरी विचारलं.

ती व्हिडिओवर स्वयंपाकघरात होती. फोन कुठेतरी टेकवलेला, ती इकडून तिकडे. मागे जेवणाचं टेबल दिसलं. पूर्वी मधोमध होतं. आता भिंतीला लावलंय. एकच खुर्ची.

"टेबल हलवलंस?"

"हो, बरेच दिवस झाले. जागा मोकळी झाली. तिकडे नमुन्यांचे ट्रे ठेवले." नमुने म्हणजे दगडमाती.

"छान."

"ग्रीस वाटीला चालणारंच घे हां, कुठलंही नको."

आमच्या इथल्या टेबलाला चार खुर्च्या. तिघींवर वर्तमानपत्रं बसतात.

३० सप्टेंबर

ऑफिसातली पुस्तकं घरी आणली. कूलर कोणी न्यावा यावर कोणीच भांडलं नाही. शिपाई रामअवतार विचारत होता, "साब, अब तो पूना?" मी म्हटलं, बघू. त्याला मा. माहीत आहे, तिने त्याच्या मुलीला शाळेत घालायला मदत केली होती. म्हणाला, "मैडम तो खुश होंगी."

रामअवतारला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यारांची पूजा. लहानपणी घरात विळी, कात्री आणि वडिलांचा फाउंटन पेन पूजेला असायचा. आज पाटावर स्क्रूचा दाब, दोन्ही पकडी (चुकीचीसुद्धा, तिचा काय दोष), पाने, टॉर्कचा पाना. आणि चार सांधे. काल खालच्या वाट्या बसवून, गोळे ग्रीसमध्ये माखून ठेवले होते. वरची वाटी आणि लॉक राहिलं होतं. म्हटलं, आज संपवून टाकू.

मा. व्हिडिओवर. "आज नाही. आज हत्याराला हात लावायचा नसतो. सुट्टी असते त्यांची."

ही बाई खडकांचं वय सांगते, आणि खंडेनवमीला पान्याला सुट्टी देते. मी म्हटलं, मग सांधे तसेच उघडे राहू देत?

"राहू देत की. आण, त्यांनाही पाटावर ठेव. काम त्यांच्यावरच केलंस ना."

मग पूजा. हळद, कुंकू, झेंडू. मंत्र मी म्हटले, मनापासून, खणखणीत. चड्ढाजी हात जोडून उभे. "अक्षता वाहा," मा. तिकडून. मी वाहिल्या. "अरे, सगळ्यांवर वाहा, सांध्यांवर पण!" सढळ हाताने वाहिल्या. चड्ढाजींनीही. ते तर लग्नातल्यासारखे.

खूप दिवसांनी घरात कोणीतरी आहे असं वाटलं. फोन पाटाच्या कडेला टेकवलेला होता, ग्रीसची बोटं स्क्रीनला लागली, तिचा चेहरा धूसर दिसत होता. प्रसादाला पेढा. तिने तिकडे गूळ खाल्ला.

तेवढ्यात ऑफिसचं सांगणार होतो. चड्ढाजी म्हणाले, "भाभीजी, कब आ रहे हो?" ती हसून म्हणाली, "पहले जीप तो आए." मग सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सीमोल्लंघन स्टिल्टपर्यंत. सांध्यांवरच्या अक्षता पुसल्या. वरच्या वाट्या बसवल्या, दाब आवळला, लॉक आपल्या खाचेत टक् करून बसलं. हा टक् चांगला. चारही झाले. गोळा हाताने फिरवून पाहिला, जड, पण गुळगुळीत फिरतो.

आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. कोपऱ्यावरच्या कचनारची तोडली, तो आपट्याचा चुलत भाऊ. चड्ढाजींना दिली. "ये क्या है?" सोनं. "मराठे साब, सोना हमारी तरफ पीला होता है."

मा.ला पानाचा फोटो. तिने आपट्याचा पाठवला.

४ ऑक्टोबर, शनिवार

आर्म बसवले. जीप घोड्यांवरून खाली. मा.चा सक्त हुकूम होता की आर्मच्या दुसऱ्या टोकाच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. हवेत आवळलं तर रबर तिथेच पिळून राहतं, खाली उतरली की फाटतं. तसं केलं. टॉर्कचा पाना कडक् म्हणाला की थांबायचं. हे यंत्र मला आवडलं. माणसांतही बसवता आलं असतं तर.

५ ऑक्टोबर, रविवार

फरिदाबाद रस्त्यावर चाचणी. टक् गेला. त्याच्या जागी कर्र आला.

स्टिअरिंग थोडं वळवलं की कर्र. खड्ड्यात उतरली की कर्र. सरळ रस्त्यावर गप्प. परत येईपर्यंत मी तोंडात येईल ते सगळं बोललो, शुद्ध संस्कृतात.

मा. म्हणाली, "बाकी बोल्ट सगळे बघ." बघितले.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

आज फोन जीपखाली धरला. मी आडवा, चड्ढाजी बंपरवर उभे राहून उड्या मारतायत. मा. पुण्यातून ऐकतेय.

"पुन्हा."

चड्ढाजी उडी. कर्र.

"डावीकडे धर. आता उजवीकडे. अरे, कोण बोलतंय मध्ये?"

"चड्ढाजींचा गुडघा."

"त्यांना उतरव आधी!"

निदान: सांध्याच्या आतून येतोय. ग्रीस कोरडं पडायचं कारण नाही. वाट्या सदोष? की मी तिरक्या बसवल्या? "उघडून बघावं लागेल," ती म्हणाली. "परत सगळं. सॉरी रे."

मी म्हटलं काही नाही. खरंच काही नव्हतं. उद्या पुन्हा चार फोन.

आटवलेलं दूध एकट्यासाठी करवत नाही. बाजारची खीर आणली. चंद्र धुरकट.

८ ऑक्टोबर

डावा खालचा सांधा उघडला. दाब आवळला, लॉक काढलं, वाटी काढली. वाटीच्या आत, गोळ्याखाली, प्लास्टिकमध्ये रुतून बसलेला एक तांदळाचा दाणा. कुंकवाचा लाल.

चिमट्याने काढून बाजूला ठेवला. मग दुसरा उघडला. त्यात दोन. एकाचं पीठ झालेलं.

अक्षतांचं काय होतं, त्या जिथे पडतात तिथे राहतात. मी पुसल्या त्या वरच्या. ग्रीसमध्ये बुडाल्या त्या माझ्या भक्तीसकट आत गेल्या, आणि त्यावर मी चांगला दाब दिला. इतकं पारखून निवडलेलं हत्यार, की तांदूळही सरळ रेषेत बसला.

मा.ला व्हिडिओ लावला. दाणा चिमट्यात धरून दाखवला. 

तिने चष्मा लावला. जवळ आली. "हे काय… अरे देवा. अक्षता?"

आणि हसायला लागली. थांबेना. फोन पडला, छत दिसत राहिलं, आवाज चालूच. मीही हसलो. चड्ढाजी खुर्चीतून विचारतायत, "क्या हुआ, क्या हुआ," आणि मी सांगेपर्यंत तेही. त्यांना फारसं कळलं नसावं.

"सगळ्यांवर वाहा, कोणी म्हणालं?" मी.

"मी! मीच म्हणाले!" डोळे पुसत. "श्री, असं फक्त तुझ्या-माझ्याच बाबतीत होऊ शकतं बघ."

हसू ओसरलं. ती फोनकडे पाहत होती, मी दाण्याकडे. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तिच्या कुकरची शिट्टी झाली. "ठेवते हां. चारही उघड, सगळं नीट धू."

१० ऑक्टोबर

चारही धुतले. कापडाने, मग ब्रशने, मग पुन्हा. वाट्यांवर खोल चरे पडले होते, त्या बदलल्या. जास्तीचा संच मा.ने आधीच मागवायला लावला होता. तिला माझी खात्री आहे, असाही अर्थ निघतो.

तिचं ते वाक्य, तुझ्या-माझ्याच बाबतीत. दिवसभर डोक्यात. जेवताना खुर्च्यांवरची वर्तमानपत्रं काढली. मग परत ठेवली.

११ ऑक्टोबर, शनिवार

चाचणी. फरिदाबाद रस्ता, मग जुन्या खाणीकडची कच्ची वाट, जिथे मा. न्यायची. टक् नाही, कर्र नाही. चढावर आस एकीकडे, गाडी दुसरीकडे, आणि मध्ये सांधे गप्प आपलं काम करतायत. डोळे उघडे ठेवून गेलो. वाट बरीच सुंदर आहे, हे आज कळलं.

वर थांबून तिला आवाज ऐकवायला फोन केला. म्हणजे आवाज नसल्याचा.

"शाब्बास," ती म्हणाली. खरी खूश होती, आवाजात कळलं. आणि मग, "बरं झालं, मी ट्रान्सपोर्टवाल्याशी बोललेच आहे. बुधवारी ट्रक येईल. जीप त्यावर चढवून दे. कागद डॅशबोर्डमध्ये ठेव."

मी म्हटलं, मीच चालवत घेऊन आलो तर?

"इतक्या लांब? एकटा?" थांबली. "आणि परत कसा जाशील?"

माझ्या तोंडात उत्तर होतं. परत जायचं नाही, असं. एवढंच. मी म्हटलं, "विमानाने."

"काहीतरीच. ट्रकच बरा."

१३ ऑक्टोबर

चड्ढाजी. "तो जीप जा रही है या आप जा रहे हो?"

"जीप."

"और आप?"

म्हटलं, अभी सोचा नहीं.  मग म्हणाले, मुलगे त्यांना बोलावतात दर हिवाळ्यात. "बुलाते हैं. जाते नहीं हम. पता नहीं सच में बुलाते हैं या…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वर निघून गेले. बाई टीव्हीवर काहीतरी मोठ्याने पाहत होत्या.

हत्यारं पुसून मा.च्या पेटीत भरली. स्क्रूचा दाब वर ठेवला, तिला पटकन सापडावा. चुकीची पक्कड ठेवावी की काढावी, ठरत नव्हतं. ठेवली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या ट्रक.

फोन झाला. ड्रायव्हरचं नाव, नंबर, किल्ली कुठे, सगळं. शेवटी ती म्हणाली, "तू दमला असशील. महिनाभर खालीच होतास." मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "दिवाळीला येशील ना?" म्हटलं, बघतो. दिवाळीला मी दर वर्षी जातो, पाहुण्यासारखा, चार दिवस, आणि ती मधल्या खोलीत गादी घालते.

लिहून टाकतो, निदान इथे. ऑफिस बंद होतंय, हे तिला माहीत नाही. महिनाभर मी ते धरून बसलोय. ती नको म्हणेल, याची भीती नाही. ती असं म्हणणार नाही, मी तिला ओळखतो. भीती ही आहे की ती "ये की" म्हणेल, लगेच म्हणेल, आणि ते म्हणण्याआधी एक क्षण थांबेल. तो क्षण मला ऐकू येईल. तीन वर्षांत तिने एकटीचं घर नीट बसवलंय, त्यात तिला बरं वाटतंय. मी गेलो तर तिला अडचण होईल का, हे मला माहीत नाही. आणि विचारायची हिंमत होत नाही.